खाप्याहून आणलेली जाळी

वत्सलाबाई रेवतकर गेल्याची बातमी माझ्याकडे स्कूटरवरून आली. सकाळी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली आणि माझ्याबरोबर गाडी शिकलेली कुंदा इंजिन बंद न करताच म्हणाली, "मंदा, बाई गेल्या वं. पहाटे, झोपेतच." तिला ती बातमी दुसऱ्या कुणा शिष्येने दिली होती आणि आता ती तिसरीकडे निघाली होती. मी हातातलं ओलं पातळ तसंच बादलीत टाकलं आणि गाडीची किल्ली शोधायला घरात गेले.

धंतोलीतल्या त्यांच्या गल्लीत पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडापासून गाड्या लागल्या होत्या. जुन्या, मोठ्या, पोचे पडलेल्या, आणि अलीकडे जिकडेतिकडे दिसणाऱ्या त्या नव्या छोट्याही. प्रत्येकीतून एक-एक बाई उतरत होती, किल्ली कमरेला खोचत होती आणि डोळे पुसत घरात शिरत होती. अमरावतीहून आलेले कुणी नातेवाईक अंगणात उभे होते. त्यांनी जरा गोंधळून बाईंच्या मुलीला विचारलं, "सुषमा, एवढ्या गाड्या आल्या, यायचे ड्रायव्हर कुठी बसवायचे?" सुषमा सकाळपासून रडत होती, तरी त्या प्रश्नाने तिला हसू आलं. म्हणाली, "काका, ड्रायव्हर घरातच बसले आहेत. याच त्या."

वत्सलाबाई कोण, हे आमच्या पिढीतल्या नागपूरच्या बायकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. सत्तर सालाच्या आसपास, जेव्हा बाईने सायकल चालवली तरी लोक वळून बघायचे, तेव्हा त्या बायकांना मोटार चालवायला शिकवत. पाटी नाही, जाहिरात नाही. एक हिरवट रंगाची जर्मन गाडी होती, पाठ फुगलेली, कासवासारखी. सगळे तिला कासवच म्हणत. मी तेव्हा एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. आमचे मालक बल्लारशाला नोकरीवर, सासऱ्यांची दृष्टी अधू झालेली आणि त्यांची गाडी दारात धूळ खात उभी. सासूबाईंनाच एक दिवस काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाल्या, "ते रेवतकरीण शिकवते म्हणे. जाऊन तर पाह्य." आणि मी गेले.

पहिल्या दिवशी बाईंनी मला पुढच्या दाराला हात लावू दिला नाही. उंच, सावळ्या, पदर घट्ट खोचलेला, बोलणं थोडं. मला गाडीच्या मागे नेलं आणि म्हणाल्या, "आधी मांगचं पाह्य, मंग सामोर बस." या गाडीचं इंजिन मागे असतं हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी झाकण उचललं आणि समजावून सांगितलं. बाकीच्या गाड्यांच्या इंजिनात पाणी फिरतं, म्हणून ती थंड राहतात. हिच्यात पाण्याचा थेंब नाही, हिला फक्त वारा. इंजिनच्या डोक्यावर पत्र्याच्या आवरणात एक पंखा आहे. तो बाहेरचा वारा ओढतो आणि तापलेल्या भागांवर सोडतो. पण वाऱ्याबरोबर जे येईल तेही तो आत घेतो… कडुनिंबाची पानं, कापसाचा पुंजका, कुणी विसरलेलं फडकं. म्हणून रोज झाकण उघडायचं, पट्टा बघायचा, तेल बघायचं, पानं वेचायची. "हिले काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "आपल्यालेच पाहा लागते."

ती गाडी मूळची त्यांच्या यजमानांची. नाना रेवतकर खाप्याजवळच्या मँगनीजच्या खाणीवर सर्व्हेअर होते. खाणीवरचा एक जर्मन इंजिनीअर मायदेशी परतताना ती त्यांना देऊन गेला. नानांचा तिच्यावर जीव. स्वतः धुवायचे, स्वतः पुसायचे, आणि बाईंनी दार जरा जोरात लावलं तरी कपाळाला आठी पडायची. गाडी चालवायला शिकते, असं बाई एकदा म्हणाल्या होत्या. त्यावर ते नुसते हसले होते, असं बाईच सांगत. मग पन्नाशीच्या आत नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. खाणीवरचं क्वार्टर सोडून दोघं धंतोलीतल्या या छोट्या घरात आली. गाडीही आली आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहिली. विकायचं म्हटलं तर परदेशी गाडी घ्यायला कुणी तयार नव्हतं. दर आठवड्याला नानांना दवाखान्यात न्यायचं तर रिक्षात बसवता-उतरवताना त्यांचे हाल होत. शेवटी बाईंनी खाणीवरच्या जीपच्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं आणि चाळिशी उलटल्यावर गाडी शिकल्या.

पहिल्यांदा त्यांनी नानांना गाडीत बसवून दवाखान्यात नेलं, तेव्हा नानांनी घरापासून दवाखान्यापर्यंत डोळे मिटून घेतले होते. परत येतानाही मिटलेलेच. पुढेही तसंच. शेजारच्या बायकांनी बाईंना गाडी चालवताना पाहिलं, एकीने विचारलं, मग दुसरीने. तशी शिकवणी सुरू झाली आणि घर त्यावर चालू लागलं. पण सकाळी बाईंनी किल्ली फिरवली की व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेले नाना मान भिंतीकडे वळवत. हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. बाईंनीही पाहिलेलं होतं. 

नानांचं बोलणं चालायचं ते फक्त खारींशी. कडुनिंबावर खारींचा बारमाही मुक्काम. नाना डाव्या तळहातावर भुईमुगाचे दाणे ठेवून हात कठड्यावर टेकवून बसत आणि तोंडाने 'चक् चक्' असा बारीक आवाज काढत. माणसांशी बोलायला गेले की ओठ नुसते थरथरायचे, 'ते… ते…' असं काहीतरी निघायचं आणि ते चिडून गप्प बसायचे. हा आवाज मात्र त्यांना साधला होता. खारी हातावर येऊन दाणे न्यायच्या. डॉक्टर म्हणत, शब्द परत येतीलही, सांगता येत नाही. दोन वर्षं होत आली होती, एकही आला नव्हता.

त्या वर्षी फेब्रुवारीत सुषमाच्या बाळंतपणासाठी बाई अमरावतीला गेल्या. नानांजवळ त्यांची बहीण येऊन राहिली. गाडी जागची हलली नाही. बाई परत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझी शिकवणी होती. झाकण उघडून तेल बघितलं, पट्टा बघितला, वरवरची पानं काढली. सगळं ठीक वाटलं. कामठी रोडला लागलो. मार्चातलं ऊन, रस्ता मोकळा, मी चांगली चालवत होते आणि मनातून खूश होते. इंदोऱ्याच्या पुढे गेलो आणि गाडीत वाळ्याचा वास येऊ लागला. तोच तो, उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना लावून भिजवलेल्या ताट्यांचा गार, गोडसर वास. मला वाटलं, एवढ्या लवकर कुणी ताट्या लावल्या? बाईंनीही नाक वर केलं. मग त्या वासात जळक्या तेलाचा वास मिसळला, गाडीची ओढ कमी झाली आणि काही कळायच्या आत एक हिसका बसून ती बंद पडली.

"किल्ली फिरवू नको. हात काढ," बाई म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात, की मला जास्तच भीती वाटली. मागचं झाकण उघडलं तर आतून भट्टीसारखी आच येत होती. एका ट्रकवाल्याने दोरी बांधून आम्हाला परत आणलं, थेट बाबूलाल मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये. बाबूलालनी इंजिन उतरवलं, पंख्यावरचं पत्र्याचं आवरण काढलं आणि उताणं केलं. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर टोपलीभर ऐवज पडला. वाळ्याच्या काड्या, काथ्या, कापूस, चिंध्यांचे तुकडे. "बाई, ये तो गिलहरी का घर हय," ते म्हणाले. पंख्याचं तोंड असतं पलीकडच्या बाजूला, सीटकडे. वरून बघितलं तर दिसत नाही, हात घालून चाचपलं तरच कळतं. खारींनी तिथे घर केलं होतं. आम्ही गाडी सुरू केली तसं पंख्याने ते सगळं आत ओढलं, वाऱ्याची वाट बुजली आणि एक पिस्टन तापून जागीच अडकून बसला. सुदैवाने त्यात पिल्लं नव्हती. बाईंनी सगळ्यात आधी तेवढंच विचारलं.

तो सगळा ऐवज त्यांनी पिशवीत भरून घेतला. मी त्यांच्याबरोबर घरी गेले. मागच्या उन्हाळ्याची वाळ्याची ताटी व्हरांड्यातच, नानांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्या एका कोपऱ्याला चांगलं मोठं भगदाड पडलेलं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बाईंनी पिशवी नानांसमोर फरशीवर रिकामी केली. एक मूठ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. वाळ्याबरोबर त्यात त्यांच्याच गादीचा कापूस होता.

"हे नेताना तुम्ही पाह्यलं होतं?" त्यांनी विचारलं.

नानांनी त्या काड्यांकडे बघितलं. मग त्यांनी मान हलवली. हो.

"मंग सांगतलं काहून नाही? बोलता नाई येत, पन एक हात तर हालते ना? बोट तर दाखवता येते?"

नानांनी मान भिंतीकडे वळवली. मी फाटकापाशी उभी होते. निघून जावं की थांबावं ते मला कळेना. बाई आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या रोजच्यासारखा बशीत चहा ओतून घेऊन आल्या, नानांच्या ओठांना लावला, मिशीला लागलेला चहा पदराने पुसला. मला म्हणाल्या, "जा वं घरी. आता महिनाभर गाडी नाही."

खरोखरच महिनाभर ती उभी राहिली. मुंबईहून जुना सुटा भाग यायचा होता. तेवढ्या दिवसांत शिकवणी बंद. मी एक-दोनदा सहज गेले, तेव्हा एकदा बाई बोलल्या. डाळ निवडत होत्या, खालमानेनेच बोलत होत्या. "मले राग नाही आला वं, मंदा. आला असता तर बरं झालं असतं. मले वाटलं, दोन वर्षांत या माणसाच्या मनासारखं काही झालं असंन, तर हेच एक. रोज इथं बसून पाह्यलं असंन यायनं… एक काडी, मंग दुसरी काडी."  

गाडी दुरुस्त होऊन आली, पण खारी काही गेल्या नव्हत्या. बाबूलालनी सांगितलं, औषध घालून ठेवा. शेजारच्यांनी सांगितलं, कडुनिंब तोडा, म्हणजे कटकटच मिटेल. बाईंनी दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यायच्या हातावर येनारं तेवढंच कोनीतरी राह्यलं. त्यालेच कसं मारू?" मग त्यांनी पंख्याच्या तोंडावर जाळी बसवायची ठरवली. ऐकायला सोपं वाटतं. घरातली रव्याची चाळणी कापून त्यांनी बसवली. दोन-तीन दिवसांतच धूळ आणि कापसाच्या तंतूंनी तिची भोकं लिंपली गेली, आणि सदर बाजारापर्यंत जाईस्तोवर तेल बघायच्या पट्टीला हात लावता येईना, इतकं इंजिन तापलं. बाबूलाल म्हणाले, "बाई, आपने तो इसकी नाक दबा दी." मग त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणली. वारा झकास येई. पण दुसऱ्या दिवशी हात घालून बघितलं तर आत ताज्या काथ्याचा पुंजका. खार सहज आरपार जात होती. शिवाय ती तार इतकी लेचीपेची, की गाडी चालताना थरथरत पंख्याच्या पात्यांकडे झुकायची. एखादा तुकडा तुटून आत गेला असता तर पंख्याचंच वाटोळं झालं असतं. बाईंनी तीही काढली. तोवर त्या रोज सकाळी आणि प्रत्येक शिकवणीआधी कोपरापर्यंत हात आत घालून चाचपत. दोन्ही मनगटं पत्र्याने ओरबाडलेली असायची.

हे सगळं व्हरांड्यासमोरच चाललेलं. नाना आता मान वळवत नव्हते, बघत होते, हे माझ्या लक्षात आलं होतं. एका सकाळी मी शिकवणीला पोचले तेव्हा आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि नाना खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटत होते. बाई गव्हाची चाळणी घेऊन धावत बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती उडवून लावली. जमिनीवर तशा आणखी दोन पडल्या होत्या, पिठाची आणि चहाची. "चाळ… चाळ…" नाना म्हणत होते. चेहरा लाल झालेला, कपाळाची शीर तट्ट फुगलेली. बाई घाबरल्या होत्या. "हळू, हळू. कोनती चाळनी? सगळ्याच तं आनल्या ना."

"चाळ…णा," नाना म्हणाले. मग डोळे मिटून, श्वास घेऊन, जणू खोल विहिरीतून ओढून काढावा तसा दुसरा शब्द काढला. "खापा."

बाई तशाच उभ्या राहिल्या. हातातली चाळणी त्यांनी अलगद कठड्यावर ठेवली. खाणीवर मँगनीजचे खडे चाळायला बायका जाड तारेचे मोठे चाळणे वापरतात. खाणीवर वर्षानुवर्षं राहिलेल्या बाईंना ते सुचलं नव्हतं. त्यांना आता जाळीचं काही पडलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. त्या नानांच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "परत म्हना." नानांनी परत म्हटलं. "अजून एकदा." नानांनी तेही केलं, आणि मग थकून मान मागे टेकली. त्या दिवशी माझी शिकवणी झाली नाही. बाईंनी आम्हा तिघांसाठी शिरा केला.

पुढच्या रविवारी आम्ही खाप्याला गेलो. नानांना उतरवायला-बसवायला दोघी हव्यात म्हणून बाईंनी मला बरोबर घेतलं. जाळी नव्हतीच, म्हणून निघण्याआधी बाईंनी नीट चाचपून घेतलं आणि ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून उजाडतानाच निघालो. नाना पुढे बसले होते. कोराडी मागे पडली, पाटणसावंगी मागे पडलं. मी मागच्या सीटवरून त्यांच्याकडे बघत होते. डोळे उघडे होते. एका वळणाआधी त्यांनी डावा हात वर केला. बाईंनी वेग कमी केला, आणि वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध खचलेला भाग दिसला. "माहीत आहे यायले," बाई मला आरशातून म्हणाल्या, "इथं दर वर्षी खचते." पुढे दोन-तीनदा त्यांनी तसाच हात केला. बाईंनी प्रत्येक वेळी ऐकलं.

खाणीवर मांडवाच्या सावलीत बायका खडे फोडत आणि चाळत बसल्या होत्या. हिरवट गाडी दिसल्याबरोबर त्यांच्यातली एक वयस्क बाई, गिरजाबाई, हातातलं टाकून उठली. "सर्व्हेवाले साहेब आले वं!" म्हणत ती धावत आली, मागे बाकीच्या. नानांनी पंचा ओढून वाकडं झालेलं तोंड झाकायचा प्रयत्न केला. ज्या जागी ते टोपी घालून ताठ चालत आले होते, तिथे त्यांना असं यायचं नव्हतं. हे आधी का लक्षात आलं नाही, असं मला वाटलं. बाईंचा चेहराही उतरला. पण गिरजाबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने खिडकीतून आत डोकं घातलं, नानांना बघितलं, चाकामागे बसलेल्या बाईंना बघितलं, आणि डोळे विस्फारून म्हणाली, "साहेब, तुमची गाडी कोन चालवून राह्यलं?"

नानांनी पंचा खाली केला. डावा हात उचलून शेजारी बोट दाखवलं. "ही," ते म्हणाले.

एवढंच. सगळ्या बायका हसायला लागल्या, कुणी टाळ्या वाजवल्या, आणि बाई उगाचच आरसा पुसायला लागल्या. आधीच स्वच्छ असलेला आरसा त्या पदराने पुसतच राहिल्या. मग खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "गिरजाबाई, एखादा मोडका चाळना असंन तर पाहा ना." तिथल्या मुकादमाने टाकून दिलेला, एका बाजूला फाटलेला एक चाळणा काढून दिला. जाड तार, करंगळी जेमतेम जाईल एवढी भोकं. नानांनी तो मांडीवर घेतला, एका भोकात बोट घातलं, मग दुसऱ्यात, आणि मान हलवली. गिरजाबाईने आम्हाला भाकरी आणि झुणका खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

बाबूलालनी ती जाळी गोल कापली, कडा दुमडल्या, बाहेरून पकडींनी अशी बसवली की हवी तेव्हा काढता यावी. वारा भरपूर आत येत होता. पानं आणि चिंध्या बाहेरच अडकत. खारीचं डोकं आत जात नव्हतं. पण अडकलेली पानं रोज काढावी लागत, नाहीतर तीच वाऱ्याला आडवी येत. हे काम नानांनी आपणहून घेतलं. सकाळी बाई झाकण उघडायच्या आणि गाडीमागे स्टूल ठेवायच्या. नाना त्यावर बसून डावा हात आत घालायचे आणि एकेक पान काढून शेजारी ठेवायचे. त्यांचं झालं की मान हलवायचे, मगच बाई किल्ली फिरवायच्या. नंतर शिकायला आलेल्या मुलींना तर मागचं झाकण नानांनीच शिकवलं… शब्द चार-दोन, बाकी बोटाने. फाटलेल्या ताटीचा उरलेला वाळा त्यांनी सुटा करून कठड्यावर ठेवायला सांगितला. तो नेऊन खारींनी कौलांखाली घर केलं.

पुढे त्यांना थोडे शब्द आले, फार नाही. पाणी, चहा, सुषमा, थांब. बाईंना मात्र ते 'ही' म्हणूनच हाक मारत. बाईंनी त्यांना तसं म्हणताना कधी दुरुस्त केलं नाही. दर आठवड्याला दवाखान्यात जाताना ते पुढे बसत आणि खिडकीबाहेर हात टाकून वळण दाखवत. मी शाळेतून येताना सिताबर्डीच्या चौकात किती वेळा पाहिलं असेल… कासव येतंय, चाकावर बाई, आणि खिडकीतून बाहेर आलेला, तळहात उघडा असलेला नानांचा डावा हात. तो इशारा होता की नुसती हौस, पोलिसालाही कळत नसे. तो हसून सोडून द्यायचा. काही वर्षांनी ते एका दुपारी खुर्चीतच गेले. बाईंनी तेराव्यानंतर शिकवणी परत सुरू केली. गाडी तापून पुन्हा कधी बंद पडली नाही. गुडघ्यांमुळे पाय चालेनासे झाले तेव्हा त्यांनी ती एका तांत्रिक शाळेला देऊन टाकली, मुलांना इंजिन उघडून बघता यावं म्हणून. जाळीसकट.

शेवटचं वर्षभर त्या अंथरुणाला खिळल्यासारख्याच होत्या. सुषमाने अमरावतीला चला म्हणून फार आग्रह केला. ऐकलं नाही, तेव्हा सुषमाच इथे येऊन राहिली. बाईंनी आपली खाट पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लावून घेतली होती. त्यांच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना छोटासा चढ आहे. तिथे खालचा गियर टाकला नाही तर गाडी कण्हते. बाई डोळे मिटून पडलेल्या असत आणि प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत. मधूनच म्हणत, "हा तिसऱ्यातच चढवून राह्यला. दम काढंन गाडीचा." मी भेटायला गेले की आमचं बोलणं असंच अर्धं-अर्धं व्हायचं, कारण त्यांचं अर्धं लक्ष चढाकडे. सुषमाला याचा कंटाळा यायचा. आईची इतकी मोठी शिकवणी, आणि सुषमाने जन्मात चाकाला हात लावलेला नाही. मला काय त्यात कळतं, असं ती नेहमी म्हणायची.

परवा गेले होते. सुषमा आता परत जायच्या तयारीत आहे. पुढच्या खोलीत खाट तशीच खिडकीपाशी आहे, चादर बदललेली, उशी सरळ केलेली. आम्ही तिच्याच कडेला बसून चहा घेत होतो, इकडचं-तिकडचं बोलत होतो. बाहेर एक गाडी आली आणि चढावर कण्हायला लागली.  कप हातातच राहिले. गाडी धापा टाकत अर्ध्या चढावर पोचली, आता बंद पडते की काय असं वाटलं… आणि एकदम आवाज बदलला, मोकळा झाला, गाडी वर निघून मोठ्या रस्त्याला लागली.

"दुसरा टाकला," सुषमा म्हणाली, आणि चहा प्यायला लागली.